धरलेलं घर

"हे घर कोणी बांधलं?"

मार्ताबाई जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. हातात तापमान मोजायचं यंत्र, मांडीवर वही आणि कपाळावर घामाचा टिपूस नाही. टिपूस नाही हीच तर भानगड होती. मे महिन्यातली दुपार, अडीच वाजलेले, बाहेर बेचाळीस अंश. समोरच्या वीस नंबरच्या घरात यंत्राने छत्तीस दाखवलं होतं. ते ठीक होतं, आमच्या अर्जात तेवढंच लिहिलं होतं. इथे एकोणीस नंबरात मात्र आकडा बत्तीसच्या वर सरकायला तयार नव्हता.

उपाध्ये सरांनी प्रश्नाचं मराठी करून सांगितलं. सर आमचे आर्किटेक्ट, नाशिकचे. परदेशी पाहुण्या येणार म्हणून त्या उन्हातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आले होते.

"सगळ्यांनी मिळून बांधलं," झुंबरअक्का म्हणाली. झुंबरबाई आहिरे आमच्या संस्थेची अध्यक्ष, आणि तिच्यापुढे तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती. "सगळीच घरं सगळ्यांनी बांधली. आमच्यात ह्ये हिचं, त्ये तिचं आसं नसतं. सांगा त्यांना."

सरांनी सांगितलं. मार्ताबाईंनी मान हलवली, पण वही मिटली नाही. "मग हे एकच घर गार का?"

ते घर हमीदा पिंजारीचं. ती लेकराला मांडीवर थोपटत होती आणि तिला खरंच काही ठाऊक नव्हतं. मी दारात ताकाचा तांब्या घेऊन उभी होते. त्या खोलीत उत्तर ठाऊक असलेली मी एकटीच होते, म्हणून मी मुकाट्याने पेल्यांत ताक ओतायला लागले.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. तेव्हा आम्ही बत्तीस जणी ढगेवाडी फाट्यावर कांद्याच्या खळ्यांवर निवडीचं काम करायचो. बाजारातून आलेला कांदा व्यापारी तिथे ओततात, आणि मोठा वेगळा, मधला वेगळा, बारकी गोल्टी वेगळी असं दिवसभर बसून करायचं. ही घरं होण्याआधी राहायचं खळ्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांत. मे महिन्यात भर दुपारी त्या पत्र्याखाली कोणीही तासभर बसून दाखवावं, मी त्याचे पाय धुईन. शेवटी अक्काने आम्हाला गोळा केलं, संस्था काढली, जागा मिळवली, आणि उपाध्ये सरांना धरून आणलं. सरांनी मातीच्या विटा पाडायला शिकवलं, चुना कालवायला शिकवलं, भिंत ओळंब्यात उभी करायला शिकवलं. तीन वर्षांत बत्तीस घरं आम्ही आमच्या हातांनी उभी केली.

नकाशा सरांचा होता, पण नेम अक्काचा. बत्तीसच्या बत्तीस घरं सगळ्यांनी मिळून बांधायची. कोणाला कुठलं मिळणार ते सगळी पुरी झाल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरणार. म्हणजे कुठल्याच भिंतीत कोणी चालढकल करणार नाही, कारण तीच भिंत आपल्या वाट्याला यायची. आणि बांधताना कोणी एखादं घर मनातून स्वतःसाठी धरलं, त्यात इतरांपेक्षा वेगळं काही घातलं, तर तिचं नाव बाद. चिठ्ठ्या झाल्यावर उघडकीला आलं तर मिळालेलं घर परत. पायाभरणीच्या दिवशी सगळ्यांनी खंडोबाचा भंडारा उचलून तशी शपथ घेतली. हमीदाने भाकरीवर हात ठेवून घेतली. सरांना हा नेम इतका आवडला की त्यांनी तो स्पर्धेच्या अर्जात पहिल्याच पानावर घातला. "बत्तीस घरं, एकसारखी," असं ते भेटेल त्याला सांगायचे.

स्पर्धा जगभरातल्या घरांची होती. कमी खर्चात, निसर्गाला न दुखावता, राहणाऱ्यांनी मिळून बांधलेल्या घरांना बक्षीस. चाळीस देशांतून अर्ज गेले होते आणि शेवटच्या पाचांत आम्ही होतो. आम्हाला त्या बक्षिसाची हौस नव्हती असं मी म्हणणार नाही, पण हौसेपेक्षा मोठं कारण होतं. आमच्या मागच्या आणखी चाळीस जणी अजून पत्र्याखालीच होत्या. त्यांच्या जागेची फाइल एका साहेबांच्या टेबलावर पडून होती. मातीची घरं कागदात बसत नाहीत, असं ते म्हणायचे. शेवटी एकदा वैतागून म्हणाले, "बाहेरच्या जगानं मान्य केलं ना, तर मी पण सही करतो." ते चेष्टेने म्हणाले होते. अक्काने ते चार माणसांसमोर त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं होतं.

म्हणून मार्ताबाई. त्या उरुग्वे नावाच्या देशातून आल्या होत्या, अर्ज खरा की खोटा ते बघायला. कुठली घरं मोजायची त्यांचे नंबर त्यांनी स्वतःच काढले होते, आणि नेमका एकोणीस निघाला होता.

त्यांनी ताकाचा पेला संपवला, खाली ठेवला आणि शांतपणे काहीतरी बोलल्या. सरांचा चेहरा उतरला.

"काय म्हनत्यात?" अक्काने विचारलं.

"त्या म्हणतात," सर म्हणाले, "मागे एका ठिकाणी त्यांना असंच एक घर दाखवलं होतं. पाहुण्यांना दाखवण्यासाठी खास बांधलेलं. बाकीच्या घरांची नुसती भट्टी होती. त्या प्रकल्पाचं नाव त्यांनी तिथल्या तिथे खोडलं. आपला अर्ज सांगतो सगळी घरं सारखी आहेत. हे घर सारखं नाही. हे नमुन्याचं घर आहे का, असं त्या विचारताहेत."

"नमुन्याचं?" अक्काचा आवाज चढला. "आम्ही काय सर्कस लावलीय का?"

"संध्याकाळी पाचला सगळ्यांना भेटून त्या सहाला निघणार आहेत. तोपर्यंत उत्तर मिळालं तर ठीक. नाहीतर..." सरांनी पुढचं सांगितलं नाही.

मी रिकामे पेले गोळा करून घरी आले.

माझं घर सात नंबर. पुंजाराम खाटेवर जागाच होता. पुंजाराम माझा नवरा. भरलेल्या ट्रकवरून पडला तेव्हापासून कमरेखालचं शरीर लुळं. सहा वर्षं तो त्या पत्र्याखाली पडून होता. मी संध्याकाळी कामावरून यावं तर त्याच्या अंगाखालची चादर पिळून घ्यावी इतकी ओली. आणि खळ्यावर बघावं तर शेटचा कांदा चाळीत मजेत. कांद्याला ऊब लागली की तो सडतो, म्हणून चाळ जमिनीपासून उचललेली, बाजूंना फटी, वारा खालून शिरणार आणि वरून निघून जाणार. रोज त्या चाळीशेजारून जाताना मला वाटायचं, आपल्या माणसाची कोणी कांद्याइतकी तरी बडदास्त ठेवावी.

एकोणीस नंबरच्या पश्चिमेच्या भिंतीचं काम माझ्या गटाकडे आलं तेव्हा मी ते घर धरलं. दुपारी बाकीच्या तिघी जेवायला बसल्या की मी एका हातात भाकरी घेऊन भिंतीवर. नकाशात दीड फुटाची भरीव भिंत होती. मी आत एक, बाहेर एक अशा दोन पातळ भिंती उचलल्या, मधे चार बोटं पोकळी ठेवली, जागोजागी आडव्या विटा घालून दोघींना बांधून घेतलं. खाली वाऱ्याच्या अंगाला भोकं, वर छपराच्या खाली भोकं. जमिनीत मुरूम भरायचा तिथे विटांचे गाळे सोडले, चाळीखाली असतात तसे. बाकीच्या तिघींना म्हटलं, सरांनीच सांगितलंय. बाहेरून भिंत दीड फुटाचीच दिसायची. सर तपासायला आले, भोकं बघून म्हणाले, "पाणी निघायला ठेवलीत वाटतं. छान." मी म्हटलं, हो.

आणि चिठ्ठीत एकोणीस नंबर निघाला हमीदाला. त्यानंतर वर्षभर मी तिच्याशी धड बोलले नव्हते. तिच्या दारावरून जाताना मी मान फिरवून जायचे. माणूस किती हलकं होऊ शकतं ते मला त्या वर्षात कळलं, आणि तरी मी सुधारले नाही.

पुंजारामला मी सगळं सांगितलं.

"एकोनीस नंबर तू मपल्यासाठी बांधलं व्हतं?"

"मग काय शेटसाठी?"

"कव्हा बोलली नाहीस."

"काय बोलू? मिळालं का?"

त्याने खाटेजवळच्या खिडकीतून रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाला, "सांगून टाक त्या बाईला."

"नेम ठाऊक हाये ना? घर जाईल. परत पत्र्याखाली. मला चालंल, पन तुला मी परत तिथं नेनार नाय."

"आन् नाय सांगितलं तर त्या चाळीस जनी तिथंच ऱ्हातील."

"त्यांचं मला सांगू नको!" मी ओरडले. मला त्याचा राग आला, अक्काच्या नेमाचा आला, मार्ताबाईंच्या त्या यंत्राचाही आला. पण सगळ्यात जास्त राग मला एका शब्दाचा आला होता. नमुन्याचं घर. माझ्या आयुष्यात मी जे सगळ्यात चांगलं काम केलं, त्याला ती बाई लबाडी म्हणत होती, आणि मी पेले विसळत बसले होते.

मी लुगडं बदललं, तोंड धुतलं. "पाच वाजायला आले," पुंजाराम म्हणाला. "जा."

चौकात लिंबाखाली सगळ्या जमल्या होत्या. पत्र्याच्या खोल्यांतल्या बायाही मागे येऊन उभ्या होत्या. मार्ताबाईंसाठी खुर्ची मांडली होती, पण त्या आमच्यातच खाली बसल्या. अक्का उभी राहून तेच पुन्हा सांगत होती, घरं सगळ्यांनी बांधली, नेम असा, शपथ अशी. सर इंग्रजी करत होते आणि मार्ताबाई अर्धं ऐकून न ऐकल्यासारखं करत घड्याळ बघत होत्या.

मी उठले. "एकोनीस नंबर मी धरलं व्हतं."

अक्काने माझ्याकडे बघितलं. "मथुरे, खाली बस. ऊन लागलंय तुला."

"ऊन नाय लागलं. त्ये नमुन्याचं घर नाय, मपलं घर हाये. म्हंजी मपलं नाय, हमीदाचं हाये, पन मी मपलं म्हनून बांधलं. पश्चिमेच्या भिंतीत पोकळी हाये. खाली गाळे हायेत. कांद्याच्या चाळीवानी. सर, भोकं पान्याची नव्हती, वाऱ्याची व्हती. सांगा त्यांना."

सरांचं तोंड उघडंच राहिलं. मार्ताबाईंनी त्यांचा कोपर ओढला तेव्हा कुठे त्यांनी सांगायला सुरुवात केली. बायांमध्ये कुजबुज झाली. अक्का माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"भंडारा उचलला व्हता का नाय?"

"उचलला व्हता."

"नेम काय?"

"घर धरलं तर घर परत."

"ठाऊक असून बोलतीस?"

"ठाऊक असून बोलते. घर घ्या मपलं. पन त्या बाईला सांगा, लबाडी मी तुमच्याशी केली, त्यांच्याशी नाय. आन् घर गार हाये ते खरं गार हाये. पायजे तर भिंत फोडून बघा." मी पुंजारामचं बोलणार नव्हते, पण बोलून गेले. "सहा वर्ष तो पत्र्याखाली भाजत व्हता, अक्का. काय करू मी?"

मग हमीदा लेकराला काखेला घेऊन उठली.

"म्हंजी मपलं घर तू भाऊंसाठी बांधलं?"

"व्हय."

"आन् वरीसभर तोंड फिरवून जायचीस, त्ये ह्याच्यापायी?"

"व्हय."

"मला वाटलं मपल्या कोंबड्यांपायी! दोन कोंबड्या इकल्या की मी!"

मागच्या बाया हसल्या. हमीदा हसली नाही. तिने लेकराला दुसऱ्या काखेत घेतलं आणि अक्काकडे वळली. "मग मपलंबी घर परत घ्या. मी चौदा नंबर धरलं व्हतं."

"काय?" अक्का म्हणाली.

"मपला बाप कापूस पिंजायचा. जुन्या गाद्यांतला कापूस निघायचा, इकत कुनी घेत नसायचं, तो माय भिंतीच्या गिलाव्यात कालवायची. भिंतीला भेग पडत नाय. चौदा नंबरच्या गिलाव्यात मी चार पोती कापूस घातलाय. भाकरीवर हात ठेवून."

"आगं बाई!" चौदा नंबरवाली शेवंता ताडकन उठली. "म्हनूनच! साऱ्यांच्या भिंतीला भेगा आन् मपल्या भिंतीला एक नाय! मला वाटायचं मीच लई चांगली सारवते!" मग ती एकदम ओशाळली. पदर सावरला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाली, "मी सव्वीस धरलं व्हतं."

त्यानंतर काय झालं ते नीट सांगता येणार नाही, कारण सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एकीने कंबर धरते म्हणून चुलीचा ओटा उभ्याने करता येईल इतका उचलला होता. कुंभाराची लेक होती, तिने छपराच्या चुन्याखाली फुटक्या मडक्यांची पालथी रांग घातली होती. एकीने न्हाणीचं पाणी परसातल्या केळीपर्यंत न्यायला खापराची नळी पुरली होती. एका सासूने सुनेचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून मधली भिंत दुप्पट जाड केली होती, आणि ते घर चिठ्ठीत तिच्या सुनेच्याच मैत्रिणीला निघालं होतं.

"एकेक बोला! एकेक!" सर ओरडत होते. घाम पुसता पुसता ते मधेच थांबले आणि केविलवाण्या आवाजात मराठीतच म्हणाले, "माझा नकाशा नक्की कुठल्या घरात आहे?"

मार्ताबाईंच्या वहीची पानं भराभर उलटत होती. अक्का मात्र तशीच उभी होती. तिच्याकडे लक्ष गेलं तशा एकेक जणी गप्प झाल्या. नेम तिचा होता. शपथ तिने घातली होती. एकतीस जणींनी ती मोडली होती, आणि आता ती काय म्हणते त्यावर सगळं होतं. अक्काने पदराने तोंड पुसलं, दोनदा पुसलं.

"सात नंबर," ती म्हणाली.

म्हणजे माझं घर, हे मला आधी कळलंच नाही.

"सात नंबर मी धरलं व्हतं. मपली माय नऊ वर्ष खाटेवर व्हती. तिला निस्तं वरचं आढं दिसायचं. मरताना मला म्हनली, झुंबरे, रस्त्यानं कोन येतं, कोन जातं, येवढं दिसलं आसतं तरी दिस गेला आसता. सात नंबरची रस्त्याकडची खिडकी मी खाटेच्या उंचीला घेतली. म्हनलं, उद्या मी पडले तर मला समदं दिसाय पायजे. तुम्ही काय करताय त्ये."

शेवटच्या वाक्याला सगळ्या खो खो हसल्या. मी हसले नाही. त्या बुटक्या खिडकीवरून मी वर्षभर कुरकुर केली होती, शेळ्या आत तोंड घालतात म्हणून दोनदा ती विटांनी बुजवायला निघाले होते. दोन्ही वेळा पुंजारामने मला अडवलं होतं. या घरात आल्यापासून तो पुन्हा बोलायला लागला होता, कोण कुठे गेलं, कोणाकडे पाहुणे आले, कोणाची पोरगी शाळेतून उशिरा परतली, हे सगळं मला संध्याकाळी त्याच्याकडून कळायचं. मला वाटायचं जागा बदलली म्हणून माणूस सुधारला. मी तिथेच मटकन खाली बसले आणि सगळ्यांसमोर रडले. मला त्याची लाज वाटली नाही.

"उठ," अक्का म्हणाली. "नेमानं बत्तीसच्या बत्तीस घरं परत घ्यायला लागतील. मग ऱ्हायचं कुनी? शेळ्यांनी?"

मार्ताबाई उठल्या होत्या. त्यांनी सरांना एकच शब्द सांगितला, आणि सरांनी आम्हाला सांगितला. "दाखवा."

मग सगळी वरात निघाली. मार्ताबाई पुढे, सर घाम पुसत मागे, आणि प्रत्येक घरासमोर दोन बाया उभ्या, एक त्यात राहणारी आणि एक ते धरलेली. मार्ताबाई भिंतींवर बोटं वाजवून बघत होत्या, ओट्यापाशी उभं राहून भाकरी थापल्यासारखं करून बघत होत्या. एकोणीस नंबरच्या भोकाशी त्यांनी उदबत्ती धरली आणि धूर आत ओढला जाताना बघून लहान पोरीसारख्या टाळ्या पिटल्या. माझ्या घरात आल्या तेव्हा पुंजाराम संकोचला. त्यांनी त्याला नमस्कार केला आणि सरळ त्याच्या खाटेशेजारी बाकड्यावर आडव्या झाल्या, डोकं त्याच्या डोक्याच्या रेषेत आणून खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. सहाची गाडी सात वाजले तरी उभी होती.

निघताना त्यांनी अक्काचे दोन्ही हात धरले. सरांनी त्यांचं बोलणं सांगितलं. "आमच्याकडेही माणसं मिळून घरं बांधतात आणि शेवटी चिठ्ठ्या टाकतात. माझी आई तशीच एका घरात राहिली. मी परत गेले की तिथल्या सगळ्या घरांच्या भिंती वाजवून बघणार आहे. माझ्या आईने त्यातलं कुठलं धरलं होतं ते मला शोधायचंय."

ऑगस्टमध्ये सरांचा फोन आला. अक्काने तो स्पीकरवर टाकला होता. सर म्हणाले, "पहिलं." अक्का म्हणाली, "पहिलं काय?" "पहिलं बक्षीस, अक्का! जगात पहिलं!" त्या दिवशी कोणी खळ्यावर गेलं नाही. शेटने माणूस पाठवला, तर त्यालाच आम्ही गुलाल लावून नाचवला.

बक्षीस घ्यायला अक्का आणि हमीदा परदेशात गेल्या. आम्ही तो सोहळा सरांच्या लॅपटॉपवर चौकात बसून पाहिला. अक्का नऊवारीत, डोक्यावर पदर, त्या एवढ्या मोठ्या रंगमंचावर ताठ उभी. तिथल्या माणसाने विचारलं, या घरांची रचना कोणाची? अक्काने कनवटीचा कागद काढला आणि वाचायला लागली. "मथुरा पुंजाराम गांगुर्डे, घर नंबर एकोनीस, ऱ्हाती हमीदा. हमीदा रशीद पिंजारी, घर नंबर चौदा, ऱ्हाती शेवंता." बत्तीस नावं, एकही गाळलं नाही. शेवटी "नकाशा, उपाध्ये सर" असंही म्हणाली. दुभाष्याने सगळं सांगितलं तेव्हा आख्खं सभागृह उठून उभं राहिलं. इकडे आम्हीही उठून उभ्या राहिलो, आणि सर तोंड फिरवून चष्मा पुसत बसले.

साहेबांनी सही केली. करणार नाहीत तर जातात कुठे, पेपरात फोटो आला होता.

त्या चाळीस घरांच्या पायाभरणीला आम्ही सगळ्या गेलो. नारळ फुटला, भंडाऱ्याचं ताट आलं, आणि चाळीस जणी शपथ घ्यायला रांगेत उभ्या राहिल्या. अक्काने त्यांना थांबवलं.

"नेम बदललाय," ती म्हणाली. "आता परत्येकीनं एक घर धरायचं. धरायचंच. आपल्याला मिळनार म्हनून जे जे ठाऊक हाये त्ये समदं त्यात घालायचं. मग चिठ्ठ्या."

रांगेत पहिल्याच उभ्या असलेल्या पोरीने घाबरत विचारलं, "आन् चिठ्ठीत दुसरंच निघालं तर?"

"निघनारच," अक्का म्हणाली. "मग तिथं ऱ्हायला जायचं, आन् त्ये कुनी धरलं व्हतं ते हुडकून पहिला चहा तिला पाजायचा. उचल भंडारा."